आत्याचं गजकर्ण

बाळांनो, आधी एक करा. सरळ बसा, दोन्ही हात मांडीवर ठेवा आणि अशी कल्पना करा, की तुमच्या कमरेवर, अगदी नाडीच्या खाली, रुपयाएवढी एक जागा खाजते आहे. मुंगी चावल्यावर खाजतं तशी नव्हे. मुंगीची खाज थोड्या वेळानं दमते, ही दमतच नाही. वर्गात बाई फळ्यावर लिहीत आहेत, शेजारी मैत्रीण बसली आहे आणि तुमचा हात आपोआप तिकडं निघाला आहे. घ्या मागं. घेतला? आता ती जागा आणखीच खाजायला लागली. एकदा नखानं ओरबाडलं तर बरं वाटेल हे तुम्हाला ठाऊक आहे. मागून आग होईल हेही ठाऊक आहे. बसवतं का मग एका जागी?

नाही ना. मग साक्षीला का बसवत नव्हतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

साक्षी सहावीत होती. बदनापूरला स्टेशनच्या मागच्या गल्लीत तिचं घर. घरात आई नंदाबाई, मोठा भाऊ सूरज आणि ती. वडील वारल्यापासून सूरजच घर चालवायचा. जालन्याच्या एमआयडीसीत, लोखंडाच्या सळया काढतात त्या मिलमध्ये तो कामाला होता. त्याची बायको, म्हणजे साक्षीची साधनावहिनी, बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. तिला मुलगी झाली, ती चैत्रात. फोन आला तेव्हा सूरज अंगणातच नाचला आणि साक्षीला म्हणाला, "साक्षे, आत्या झाली तू! आता नाव तुलाच ठेवायचंय."

आपल्याकडं बाळाचं नाव आत्या ठेवते. पाळण्यात वाकायचं, बाळाच्या कानाशी तोंड न्यायचं, कुर्र करायचं आणि हळूच नाव सांगायचं. त्याच वेळी जमलेल्या बाया आत्याच्या पाठीत धपाधप धपाटे घालतात. साक्षीनं असे धपाटे खाणाऱ्या पुष्कळ आत्या पाहिल्या होत्या. तिला ते धपाटे हवे होते. नावही तिनं ठरवून टाकलं होतं, चैत्राली. वहिनी सव्वा महिन्यानं येणार आणि मग बारसं. तोवर कमरेवरचं हे काय उठलंय ते गेलं पाहिजे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

ते होतं गजकर्ण. लाल कड, आत पांढुरकी साल, आणि कड रोज थोडी पुढं सरकलेली. गल्लीत सगळे त्याला गचकरण म्हणायचे, आणि ज्याला झालं त्याच्याजवळ कुणी बसायचं नाही. म्हणून साक्षीनं ते कुणाला दाखवलं नाही.

पण सूरजच्या नजरेतून ते सुटलं नाही. एका संध्याकाळी ती दाराच्या चौकटीला कंबर घासत होती, तेवढ्यात तो गाडी लावून आत आला.

"म्हैस हायेस का गं? दाराला अंग घासून राह्यली!"

साक्षीचे डोळे भरून आले. सूरजनं इकडंतिकडं पाहिलं आणि पँटच्या खिशातून एक मळकी ट्यूब काढली.

"हे लाव. आमच्या मिलमध्ये समदे हेच लावतेत. भट्टीजवळ उभं राह्यलं का पँट घामानं चिंब, अन् मंग हे निघतंच. मलाबी हाय."

"कुठं?"

"जागा इचारू नको." तो ओशाळून हसला. "कुणाला सांगू नको बरं. तुझ्या वहिनीला तर बिलकुल न्हाई. शपथ घे."

साक्षीनं शपथ घेतली. सख्ख्या भावानं आपलं गुपित सांगितलं याचं तिला अप्रूपच वाटलं.

ट्यूबनं जादू केली. खाज थांबली, लाली उतरली, कड पुसट झाली. साक्षी दोरीवरच्या उड्या मारायला लागली. पण दोन-चार दिवस ट्यूब लावली नाही, की ते पुन्हा वर यायचं, आधीपेक्षा मोठं होऊन. एकाचे दोन चट्टे झाले, मग कोपराजवळ तिसरा निघाला. ट्यूब संपली की सूरज दुसरी आणायचा. मेडिकलवाला काही विचारत नव्हता, आणि हे दोघं काही सांगत नव्हते.

आणि वहिनी आली. दुपट्यात गुंडाळलेलं गुलाबी, मिटल्या मुठींचं बाळ घेऊन रिक्षातून उतरली. साक्षी धावत गेली, हात पुढं केले आणि नंदाबाईंना तिच्या कोपराजवळचा चट्टा दिसला.

"थांब! हे काय गं?" त्यांनी तिचा हात उजेडात धरला. मग कुडता वर करून कंबर पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अगं बया! गचकरण हाय हे. बाळाला हात लावू नको. लांबून बघ. कळलं का?"

त्या दिवसापासून साक्षीचं घरातलं सगळं उंबऱ्यापाशी सुरू झालं. जेवण उंबऱ्याशी, अभ्यास उंबऱ्याशी. आतून बाळाचं रडणं यायचं, तिचा जीव आत ओढायचा, ती उठायची आणि पुन्हा बसायची. बसली की कंबर खाजायची. आणि संध्याकाळी सूरज मिलमधून यायचा, मोरीत दोन तांबे अंगावर ओतायचा, दोरीवरच्या टॉवेलनं अंग पुसायचा, तोच टॉवेल खांद्यावर टाकून बाळाला उचलायचा आणि म्हणायचा, "कोण आलंय? बघ, पप्पा आले!"

घरात टॉवेल तेवढा एकच होता. तसा तो गल्लीतल्या बहुतेक घरांत एकच असतो. जो न्हाईल तो पुसेल.

शेजारी चांगुणाबाई नावाच्या आजी राहायच्या, आणि त्यांची नात अर्पिता. अर्पिता रोज रेल्वेनं छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात जायची, तिथं तिचं संशोधन चालू होतं. कशावर, ते गल्लीत कुणाला नीट ठाऊक नव्हतं. चांगुणाबाई विचारणाऱ्याला सांगायच्या, "बुरशी पाळती आमची पोरगी. लोक शेळ्या पाळतेत, ही बुरशी पाळती."

साक्षीनं ते ऐकलं आणि एका सकाळी अर्पिताला ओट्यावरच गाठलं.

"अर्पिताताई, गचकरण म्हंजे बुरशीच ना?"

"हो, बुरशीच."

"मंग तू तिला पाळती कशाला? मार ना."

अर्पिता हसली. "मारायचं कसं, तेच शिकून राह्यले. आण बरं तो पाण्याचा पाऊच."

साक्षीनं पाण्यानं भरलेला प्लास्टिकचा पाऊच आणला. अर्पितानं तो तिलाच धरायला सांगितला आणि ओढणीची सेफ्टी पिन काढली. "समज, ही बुरशीची एक पेशी. वरचा हा पापुद्रा आहे तोवर ती जिवंत." तिनं पिन टोचली. पाण्याची बारीक धार साक्षीच्या पायावर उडाली. आणखी दोनदा टोचलं, पाऊच ढिला पडला. "संपली. आता गंमत ऐक. अशा पिना आपल्या अंगातच तयार होतात. कातडीत होतात, घामात असतात, लाळेत असतात. लहान मण्यांच्या माळेसारख्या असतात त्या. त्यांना पेप्टाइड म्हणायचं. बुरशी आली, की त्या तिच्या पापुद्र्याला जाऊन चिकटतात आणि भोकं पाडतात."

"लाळेत? म्हंजे थुंकीत?"

"हो. लाळेतल्याला हिस्टाटिन म्हणतात. पण त्याचं काय आहे..."

"बघ!" आतून चांगुणाबाई कडाडल्या. "म्या काय म्हणत होते? आमच्या आईनं नायट्याला दुसरं काय लावलंच न्हाई. सकाळी उठल्यावर चूळ भरायच्या आधी शिळी थुंकी लावायची. आता ह्या शिकलेल्या तेच सांगून राह्यल्या!"

"आजी, थांब गं, पूर्ण बोलू तरी दे..."

स्टेशनवर गाडीचा भोंगा वाजला. अर्पितानं पर्स उचलली, "संध्याकाळी सांगते, साक्षी," असं म्हणत ती पळाली.

पोरांनो, अर्धं ऐकून जो उठतो त्याचं काय होतं, हे मी तुम्हाला शिकवायला नको. पण साक्षीला दोष देऊ नका. एका कानात विद्यापीठ बोलत होतं, दुसऱ्या कानात म्हातारी, आणि दोघी एकच सांगत आहेत असं तिला वाटलं. असं कधी घडतं? म्हणून तिचा पक्का विश्वास बसला. संध्याकाळी ती अर्पिताकडं गेलीच नाही. सूरजनं आणलेली नवी ट्यूब तिनं परत केली आणि सकाळी उठल्या उठल्या, कुणाशी न बोलता, चट्ट्यांना थुंकी चोपडायला सुरुवात केली. सकाळी एकदा, मग दुपारी, मग जेवायच्या आधीही. वर ओलं राहावं म्हणून कमरेला फडकं बांधलं.

बारसं जवळ येत होतं आणि कमरेवर आग पेटत होती. ट्यूब सुटली आणि दबलेलं सगळं उफाळून वर आलं. ओल्या फडक्याखाली कातडी भिजून लाललाल झाली. खाली बसवेना, पालथं झोपवेना. शेवटी ती अर्पिताच्या ओट्यावर जाऊन फुरंगटून उभी राहिली.

"ताई, तुझ्या पिना बोथट हायेत."

अर्पिताला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं कपाळ धरलं. "अगं येडे, लाळेतल्या पिना तोंडात वाढणाऱ्या बुरशीसाठी असतात. ती बुरशी वेगळी, तुझ्या कमरेवरची वेगळी. कातडीवरच्या बुरशीशी कातडीतली पेप्टाइडं लढतात. आणि असतात किती? थेंबभर लाळेत नावाला. राहिलं काय, तर नुसती ओल. बुरशीला ओलच तर लागते!"

"मंग तू सांगितलं का न्हाई?"

"तू थांबलीस का?"

साक्षी एकदम उसळून म्हणाली, "मंग तू लय साऱ्या पिना तयार कर ना! बाटली भर अन् दे मला. रोज रेल्वेनं जाती, मंग तिथं काय करून राह्यली?"

चांगुणाबाई आतून खुसखुसल्या. अर्पिता हसली नाही. ती साक्षीशेजारी ओट्यावर बसली.

"हेच करून राह्यले. काचेच्या ताटलीत बुरशी ठेवते, वर पेप्टाइड टाकते, बुरशी मरते. मरताना पाहिलंय मी. पण तेच माणसाच्या कातडीवर ठेवलं तर कातडीतले दुसरे रस ती माळ तोडून टाकतात. घामातल्या मिठानंही तिचा जोर कमी होतो. आणि जास्त घातलं तर बुरशीला टोचायचं सोडून आपल्याच पेशींना टोचतं. म्हणून आम्ही एखादा मणी बदलून बघतो. परत बुरशी, परत ताटली. बहुतेक वेळा जमत न्हाई."

"कवा जमंल?"

"माहीत न्हाई."

"बारशाच्या आधी?"

"न्हाई गं, साक्षी. तू कॉलेजात जाशील तवर तरी जमेल का, हेही मला सांगता येत न्हाई."

साक्षीला रडू यावं असं ते उत्तर होतं. पण हे उत्तर निदान पूर्ण होतं. तिनं नाक ओढलं आणि विचारलं, "मंग आज काय करू?"

"आज आहे त्या औषधानं बरं व्हायचं. चल, तुझ्या आईशी बोलते."

तिघी जालन्याला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेल्या. त्यांनी चट्ट्याची साल खरवडून काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकातून साक्षीलाही पाहू दिलं. काचेखाली झाडाच्या मुळांसारखे बारीक धागे होते. मग त्यांनी विचारलं, "आधी काय लावत होतीस?"

साक्षीनं ट्यूबचं नाव सांगितलं. बाई खुर्चीत मागं टेकल्या.

"ह्यात स्टेरॉइड असतं, बाळ. त्यानं खाज झोपते, बुरशी झोपत नाही. उलट अंगाचे पहारेकरी झोपतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. ही ट्यूब बंद. गोळ्या आणि मलम देते. कित्येक आठवडे घ्यावं लागेल, आणि चट्टा दिसेनासा झाला तरी मी सांगेपर्यंत सोडायचं नाही. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. कपडे उकळत्या पाण्यात टाकायचे आणि उन्हात वाळवायचे." मग त्यांनी नंदाबाईंकडं पाहिलं. "घरात आणखी कुणाला आहे? एकाला जरी राहिलं, तरी ते फिरून सगळ्यांना होतं."

"कुणालाच न्हाई," नंदाबाई ठासून म्हणाल्या.

साक्षीनं तोंड उघडलं आणि मिटलं. शपथ घेतली होती ना.

त्या रविवारी तिनं सूरजला गाडी धुताना गाठलं. "दादा, डॉक्टरीणबाई म्हणल्या, समद्यांनी गोळ्या घ्यायच्या."

"माझं दबलंय ट्यूबनं."

"दबलंय, गेलं न्हाई. पहारेकरी झोपतेत त्यानं."

"कोण पहारेकरी?"

"अंगातले. आणि तू बाळाला घेतो."

सूरजनं चिंध्या बादलीत आपटल्या. "तुला काय कळतंय गं? तुझं कोपरावर हाय. माझं डॉक्टरीणबाईला दाखवायच्या जागी हाय का? जाऊ दे बारसं एकदाचं. मंग बघू." आणि तिचा चेहरा पाहून मवाळ होत म्हणाला, "मी लगेच कपडे बदलतो ना. काय होत न्हाई."

साक्षीसाठी नवा टॉवेल आला, पिवळा, तिच्या एकटीचा. बाकीच्यांचा जुनाच राहिला, कारण बाकीच्यांना काही झालंच नव्हतं.

गोळ्यांनी चट्टे हळूहळू सुकायला लागले. खाज उतरली, पण कडा गेल्या नव्हत्या, आणि बारशाचा दिवस उजाडला. आत्या म्हणून चुलत बहीण प्रियदर्शनीला पिंपळगाव रेणुकाईहून बोलावून घेतलं होतं. ती नवी साडी नेसून पाळण्याशी मिरवत होती. गल्लीतल्या बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. अंगणात दोन चुली पेटल्या होत्या. एकीवर घुगऱ्या शिजत होत्या, दुसरीवर बाळंतिणीच्या अंघोळीचं पाणी खळखळत होतं. साक्षी उंबऱ्यावर बसली होती.

"ही आत्या हाय का पाहुणी?" एकीनं टोमणा मारला. "घरची उंबऱ्यावर अन् बाहेरची पाळण्याशी!"

"तिला गचकरण झालंय," दुसरी कुजबुजली. पण ते सगळ्यांनी ऐकलं.

वहिनी बाळाला नवं झबलं घालत होती. एकाएकी तिचे हात थांबले. "आई, हे बघा बरं."

बाळाच्या काखेखाली, नखाएवढं, लाल, गोल, कड उठलेलं. नंदाबाई वाकल्या आणि तशाच उंबऱ्याकडं वळल्या. "साक्षे! तू घेतलं हिला? आमी नसताना?"

"न्हाई, आई."

"खरं बोल! आमाला न सांगता घेतलं ना?"

"एकदाबी न्हाई."

"मंग आलं कुठून हे? आभाळातून पडलं? घरात दुसऱ्या कुणाला हाय का?"

साऱ्या नजरा तिच्यावर होत्या. वहिनीची नजर सगळ्यांत वाईट होती. रागाची नव्हे, दुखावल्याची. बाळ रडायला लागलं.

सूरज नुकताच अंघोळ करून आला होता. खांद्यावर तोच टॉवेल. रडणं ऐकून तो सवयीनं पुढं झाला आणि त्यानं वहिनीच्या हातातून बाळ घेतलं. छातीशी धरलं, टॉवेलाचं टोक बाळाच्या काखेत गेलं. मग त्याला काय चाललंय ते कळलं. त्यानं साक्षीकडं पाहिलं आणि नजर खाली घातली.

साक्षी वाट पाहत राहिली. आता बोलेल, आता बोलेल. तो बाळाला थोपटत राहिला. बाया पुटपुटत होत्या. प्रियदर्शनीनं साडीचा पदर सारखा केला, म्हणजे आता पुढचं उरकू या.

साक्षी उठली. उंबरा ओलांडून आत गेली. "अगं, अगं," करत बाया बाजूला सरकल्या. ती सूरजसमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, बाळ वहिनीकडं दे."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, सूरजनं बाळ दिलं. साक्षीनं त्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला, दोन बोटांत धरून तशीच अंगणात गेली आणि चुलीवरच्या खळखळत्या पाण्यात टाकून दिला.

"अगं, घुगऱ्यात न्हाई ना टाकला!" आतून कुणीतरी ओरडलं.

तिनं चुलीशेजारचं लाकूड उचललं, वर आलेला टॉवेल पाण्यात खाली दाबला आणि बुडून गेला तरी दाबून धरला. मग मान वळवून दारात आलेल्या सूरजकडं पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मी शपथ घेतलीय. आता तू सांग."